उन्हाळी लागली, की मूत्राशयात जंतू वाढले?

एप्रिल उजाडला की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं: "उन्हाळी लागली." लघवी करताना जळजळणं, थेंब थेंब होणं, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं, या सगळ्याला आपल्याकडे हा एकच शब्द आहे. मग सब्जा भिजत पडतो, धणे-जिऱ्याचं पाणी होतं, माठात वाळा पडतो. दोन दिवसांत बरं वाटलं की विषय संपला. अडचण अशी की या एका शब्दाखाली दोन वेगळ्या तक्रारी नांदतात. पहिली, पाणी कमी पडून दाट झालेली लघवी. दुसरी, मूत्राशयात वाढलेले जंतू. पहिलीवर पाणी हाच उपाय. दुसरीत पाण्यानं थोडा आराम पडतो, कधी शरीर आपलं आपण जंतूंना हटवतंही, पण कधी ते जंतू वर सरकून मूत्रपिंडापर्यंत पोचतात. म्हणून दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला ओळखता यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दाट लघवीची ओळख सोपी. रंग गडद पिवळा, वास उग्र, मात्रा कमी, आणि दिवसभरात जाणंही कमीच. दोन-तीन तासांत लिटरभर पाणी पोटात गेलं आणि लघवीचा रंग उतरला की जळजळही उतरते. संसर्गात रंग फिकट झाला तरी जळजळ राहते. आत्ता जाऊन आलं तरी पाच मिनिटांत पुन्हा घाई होते, आणि गेल्यावर होतं चमचाभर. शेवटच्या थेंबाला ओटीपोटात कळ येते. लघवी गढूळ दिसते, कधी गुलाबी किंवा लालसर. रात्री झोपेतून दोन-तीनदा उठावं लागतं.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो, कारण तो विचारायला सगळ्यांनाच अवघड वाटतं: जळजळ आतून होते की बाहेरच्या त्वचेला लघवी लागल्यावर होते? बाहेरून होत असेल, सोबत खाज आणि अंगावरून पांढरं जाणं असेल, तर तो बहुधा योनिमार्गाचा त्रास असतो. त्यावरचं औषध वेगळं. उलट, जळजळ आहे, सारखं जावं लागतंय, आणि खाज किंवा स्राव अजिबात नाही, अशा तरुण स्त्रीला मूत्रमार्गाचा संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. इतकी नेमकी माहिती केवळ दोन-तीन प्रश्नांतून मिळते, तेव्हा डॉक्टरांसमोर लाजून हे सांगायचं टाळू नका.

जंतू येतात कुठून

आपल्याच आतड्यातून. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो. थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी १८८५ साली बाळांच्या शौचात शोधलेला हा जंतू आतड्यात निमूट राहतो. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि तिथून वर चढतो. साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त याच्याच खात्यावर जातात. उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटियस, एंटेरोकॉकस अशी नावं असतात.

ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या टोकाशी असलेलं प्रथिन मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावरच्या मॅनोज या शर्करेला चिकटतं. लघवीच्या धारेबरोबर बाकीचे जंतू वाहून जातात आणि हा भिंतीला धरून बसतो. काही जंतू तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरून राहतात. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी तोच त्रास उलटतो, त्यामागचं एक कारण हे.

स्त्रियांना हा त्रास जास्त होतो तो शरीररचनेमुळे. स्त्रीचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटिमीटर लांब, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट. शिवाय स्त्रीचं मूत्रद्वार योनी आणि गुदद्वाराच्या अगदी शेजारी. जंतूला चालायचं अंतरच थोडं. यात स्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही. हे ठासून सांगावं लागतं, कारण लग्नानंतर पहिल्या काही महिन्यांत अनेक मुलींना हा संसर्ग होतो आणि त्या तो कुणाला सांगतच नाहीत. शरीरसंबंधाच्या वेळी जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, इतकंच घडतं. संबंधानंतर पंधरा-वीस मिनिटांत लघवीला जाऊन यावं. शुक्राणुनाशक जेल वापरात असेल आणि संसर्ग वारंवार होत असेल, तर गर्भनिरोधनाची पद्धत बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलावं. त्या जेलमुळे योनीतले उपयोगी लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि ई. कोलायला जागा मिळते.

लघवी धरून ठेवल्यानं नेमकं काय बिघडतं

याचं गणित एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. मूत्राशयात साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते, आणि ४०० ते ५०० मिलिलिटरला ते भरतं. समजा थोडे जंतू आत पोचले आणि त्यांची संख्या तासाला दुप्पट होते असं धरलं. अनुकूल वातावरणात ई. कोलाय २० मिनिटांतच दुप्पट होतो, तेव्हा हा अंदाज सौम्यच आहे. तीन तासांनी जंतू आठपट होतात, सहा तासांनी ६४ पट, आठ तासांनी २५६ पट. आता लघवीला गेल्यावर काय होतं? ४०० मिलिलिटरमधली ३९० बाहेर पडली आणि १० मागे राहिली, तर जंतूंचा चाळिसावा हिस्सा उरला. दर तीन तासांनी जाणाऱ्या बाईच्या मूत्राशयात वाढ आठपट आणि धुलाई चाळीसपट, जंतू हरतात. आठ तास धरून ठेवणाऱ्या बाईच्या बाबतीत वाढ २५६ पट आणि धुलाई तीच चाळीसपट. जंतू जिंकतात. प्रत्यक्ष शरीरात यात आणखी बऱ्याच गोष्टी असतात, तरी मुख्य सूत्र हेच.

आता ही आठ तास धरून ठेवणारी बाई कोण? कसाऱ्याहून किंवा कर्जतहून लोकलनं मुंबई गाठणारी, जिच्या डब्यात स्वच्छतागृह नाही. चौकात उभी असलेली वाहतूक पोलीस. शाळेतलं बाथरूम वापरण्याजोगं नाही म्हणून सकाळपासून पाणीच न प्यालेली सातवीतली मुलगी. फडात ऊस तोडणारी मजूर. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली तेव्हा तिचा एक मुद्दा अगदी साधा होता: मुतारीला पुरुषांना पैसे पडत नाहीत, मग बायकांकडून का घेता? मूत्रमार्गाच्या संसर्गावर बोलताना हा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला स्वच्छतागृहाशिवाय अर्धाच राहतो, कारण जायची सोय नसली की बाई पहिलं काही सोडते तर ते पाणी.

तरीही जे हातात आहे ते असं. घरातून निघताना, जाणीव नसली तरी, मूत्राशय रिकामं करूनच निघावं. प्रवासात पाणी पूर्ण बंद करू नये, घोट घोट घ्यावं, आणि ठिकाणी पोचल्यावर स्वच्छतागृहाला जाऊन मग दोन ग्लास एकदम भरून काढावेत. कामाच्या जागी घड्याळ लावून दर तीन तासांनी जावं. मैत्रिणीबरोबर जाण्याचा परिपाठ ठेवला तर तो जास्त टिकतो. दिवसभरात सहा ते आठ वेळा लघवी व्हावी आणि तिचा रंग फिकट पिवळा असावा, हे पाणी पुरेसं असल्याचं सर्वांत भरवशाचं माप. ग्लास मोजण्यापेक्षा मी हेच माप सांगेन. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचं पाणी मोजून दिलेलं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादाच पाळायची.

सार्वजनिक कमोडवर अधांतरी, अर्धवट वाकून बसण्याची सवय बहुतेकींना असते. त्या अवस्थेत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणलेले राहतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. हा संसर्ग कमोडच्या सीटवरून लागत नाही. जंतू आपलाच असतो. सीट पुसून, वर टिश्यूचा कागद टाकून नीट टेकून बसावं. घाई न करता धार संपू द्यावी, मग वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करावा. वय झालेल्यांना आणि मधुमेहींना या दुसऱ्या प्रयत्नाचा विशेष उपयोग होतो.

धुण्याची दिशा

"पुढून मागे पुसा" हा सल्ला कागद वापरणाऱ्यांच्या देशांतून आला. आपण पाण्यानं धुतो, म्हणून तो आपल्या सवयीत बसवून सांगायला हवा. शौचानंतर पाणी पुढून ओतावं आणि हात पाठीमागून न्यावा, म्हणजे मळ मूत्रद्वाराकडे येणार नाही. पुढून, दोन मांड्यांमधून हात घालून मागचा भाग धुतला की बोटं परत येताना जंतू पुढे आणतात. जेट स्प्रे असेल तर त्याचा झोत मागून पुढे मारू नये आणि जोरही कमी ठेवावा. आधी पुढचा भाग, मग मागचा, आणि शेवटी कोरडं पुसणं. लहान मुलींना शौचाला स्वतः धुवायला शिकवतो त्याच वयात ही दिशा शिकवावी.

साबण, अँटिसेप्टिक द्रव, सुगंधी 'इंटिमेट वॉश' यांपैकी कशाचीही आतल्या भागाला गरज नसते. योनीतलं वातावरण आम्ल असतं, पीएच साधारण ३.८ ते ४.५, आणि ते लॅक्टोबॅसिलस राखतात. ते धुऊन काढणं म्हणजे राखणदारालाच हाकलणं. साधं पाणी पुरे. पाळीत पॅड चार ते सहा तासांनी बदलावं. चड्डी सुती आणि सैल असावी, तिच्यामुळे ओल धरत नाही इतकाच तिचा फायदा.

नमुना नीट दिला तरच तपासणीला अर्थ

निरोगी तरुण स्त्रीला पहिल्यांदाच, ठळक लक्षणांसह त्रास झाला तर डॉक्टर कल्चरशिवायही, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या तपासणीशिवायही, उपचार सुरू करतात आणि ते योग्यच आहे. पण त्रास पुन्हा झाला असेल, ताप असेल, गर्भारपण, मधुमेह किंवा खडा असेल, रुग्ण पुरुष किंवा लहान मूल असेल, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी लघवीचं कल्चर द्यावं. एक डोस गेला तरी जंतूंची वाढ दबते आणि अहवाल खोटा 'नो ग्रोथ' येऊ शकतो.

डबी लॅबमधून किंवा औषधाच्या दुकानातून आणलेली, निर्जंतुक, सीलबंद हवी. घरातली औषधाची बाटली उकळून घेतली तरी चालत नाही. सकाळची पहिली लघवी उत्तम. जमलं नाही तर मागच्या वेळेपासून तीन-चार तास झालेले असावेत. हात साबणानं धुवा, जागा साध्या पाण्यानं धुऊन पुसा. तिथे अँटिसेप्टिक लावू नका, ते डबीत उतरलं तर जंतू मरतील आणि अहवाल फसेल. स्त्रियांनी एका हाताच्या बोटांनी योनीचे ओठ बाजूला धरावेत, पहिली धार सोडून द्यावी आणि धार न थांबवता मधली २० ते ३० मिलिलिटर लघवी डबीत घ्यावी. डबीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाला आतून बोट लागू देऊ नका. पाळी चालू असेल तर तसं लॅबला सांगा.

यानंतर सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवी. उशीर होणार असेल तर पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. तिथे ती २४ तासांपर्यंत चालते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तीन तास फिरलेली डबी म्हणजे जंतूंसाठी उबवणीच. त्वचेवरून आलेले शे-दोनशे जंतू तिथे लाखाच्या घरात जातात, आणि नसलेल्या संसर्गावर औषध सुरू होतं.

अहवाल हातात आला की नजर आधी 'पस सेल्स'वर, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, जाते. त्याच्या शेजारी 'एपिथेलियल सेल्स' पाहा. त्या भरपूर असतील तर नमुन्यात त्वचेवरचा भाग मिसळला आहे, म्हणजे पस सेल्सवरही फार भरवसा ठेवता येत नाही. 'नायट्राइट पॉझिटिव्ह' असेल तर संसर्गाची बाजू भक्कम होते. निगेटिव्ह असेल तर मात्र संसर्ग नाही असं म्हणता येत नाही: नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात सुमारे चार तास राहावी लागते आणि एंटेरोकॉकससारखे जंतू ते बनवतच नाहीत.

कल्चरमध्ये एका मिलिलिटरला एक लाख कॉलनी (वाढलेल्या जंतूंचे पुंजके) हा आकडा प्रसिद्ध आहे. १९५० च्या दशकात बॉस्टनमध्ये एडवर्ड कॅस यांनी तो मांडला. त्यांना मुख्यतः लक्षणं नसलेल्यांमधला खरा जंतू आणि नमुन्यात मिसळलेला जंतू वेगळे काढायचे होते. म्हणून जिला ठळक जळजळ आहे तिच्या नीट घेतलेल्या नमुन्यात हजार कॉलनी ई. कोलाय निघाला तरी त्याला अर्थ आहे. दोन-तीन जातींचे जंतू एकत्र उगवले असतील तर बहुतेक वेळा नमुना दूषित झालेला असतो. तो पुन्हा द्यावा.

खाली औषधांची यादी असते: एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे नाही. शेजारी एमआयसीचे आकडे, म्हणजे जंतूची वाढ रोखायला त्या औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागतं ते. ज्याचा आकडा सर्वांत लहान ते औषध सर्वांत चांगलं, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी ठरलेली असते, त्यामुळे एका औषधाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही. 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' असं छापलेलं पाहून घरचे घाबरतात. त्याचा अर्थ, जंतू असं एन्झाइम बनवतो ज्यापुढे पेनिसिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिन चालत नाहीत. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात अशाही जंतूवर नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसिन बऱ्याचदा लागू पडतं.

औषधं, आणि ती कुठे फसतात

मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गात नायट्रोफ्युरँटोइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, हा जगभर रुळलेला उपाय आहे. ते जेवणानंतर घ्यायचं, पोटाला सोसतं आणि शोषणही चांगलं होतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याला भिऊ नये. ते लघवीत साठतं, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसं पोचत नाही, म्हणून ताप आणि पाठदुखीसह आलेल्या संसर्गावर ते चालत नाही. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेल्यांना, जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना आणि गर्भारपणाच्या अगदी शेवटच्या दिवसांत ते देत नाहीत. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी एकदाच घ्यायची: रात्री झोपण्यापूर्वी, लघवी करून आल्यावर, गार पाण्यात विरघळवून.

आता एक गफलत, जी आपल्याकडे सर्रास होते. जळजळीसाठी लघवी अल्कली करणारं गोड-आंबट सिरप, म्हणजे डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट, जवळपास प्रत्येक औषधाच्या दुकानात सहज मिळतं. त्यानं थोडा आराम वाटू शकतो, जंतू मरत नाहीत. पण नायट्रोफ्युरँटोइन आम्ल लघवीत चांगलं काम करतं. त्याच्या जोडीला हे सिरप रोज तीनदा घेतलं तर आपणच आपल्या औषधाची धार बोथट करतो. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं अँटासिडही त्याचं शोषण कमी करतं. म्हणून दोन्ही सोबत चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. चमचाभर खायचा सोडा पाण्यात घालून पिण्याचा सल्लाही फिरत असतो. त्यातलं सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला महागात पडतं.

घरातल्या डब्यात मागच्या वेळच्या चार-पाच गोळ्या उरलेल्या असतात, बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनच्या. "तेव्हा यानंच बरं वाटलं होतं" म्हणून त्या घेतल्या जातात. भारतात ई. कोलाय या गटाच्या औषधांना मोठ्या प्रमाणावर सरावलेला आहे, म्हणून ती साध्या संसर्गात आता पहिली निवड राहिलेली नाहीत. शिवाय त्यांचा स्नायुबंधांवर आणि नसांवर दुष्परिणाम होऊ शकतो. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही; केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्ये ही खूण लोकांपर्यंत नेण्याची मोहीम काढली होती. दोन दिवसांत बरं वाटलं तरी लिहून दिलेले दिवस पूर्ण करा, आणि उरलेली गोळी शेजारणीला देऊ नका. ४८ तासांत काहीच फरक पडला नाही तर पुन्हा दाखवा. पूर्ण बरं वाटत असेल तर "खात्रीसाठी" पुन्हा कल्चर करण्याची साध्या संसर्गात गरज नसते.

हुडहुडी भरून ताप, बरगड्यांखाली पाठीच्या एका बाजूला दुखणं, उलट्या, यांतलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. संसर्ग मूत्रपिंडात पोचल्याची ही लक्षणं आहेत आणि त्यातून जंतू रक्तात उतरू शकतात. म्हाताऱ्या माणसाला ताप न येता नुसतीच ग्लानी किंवा अचानक भ्रम झाला, तरीही तातडीनं न्यावं.

पुन्हा पुन्हा होतं तेव्हा

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. इथे पाण्याबद्दलचा चांगला पुरावा हाताशी आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवाचं पाणी, धण्याचं पाणी, सब्जा घातलेलं सरबत, सगळं या हिशोबात पाणी म्हणून धरायला हरकत नाही. मधुमेह असेल तर साखर वगळून.

क्रॅनबेरीचा वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांना थोडा फायदा होतो, असं २०२३ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. गर्भवतींना आणि वृद्धाश्रमातल्या वृद्धांना तो दिसला नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच क्रॅनबेरी पेयांत साखरच जास्त असते, तेव्हा घ्यायचंच तर कॅप्सूल बरी. डी-मॅनोज पावडरवर खर्च करू नका, असं मी स्पष्ट म्हणेन: २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास ६०० स्त्रियांच्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही.

पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी खरा गुणकारी उपाय वेगळाच आहे, आणि तो फारच थोड्या जणींना सांगितला जातो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की योनीचं अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस कमी होतात, आम्लता जाते. योनीत लावायच्या इस्ट्रिऑल क्रीमनं ती परत येते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, न लावणाऱ्यांना ५.९ वेळा. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा, अशी साधारण पद्धत असते. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी त्या डॉक्टरांचं मत घ्यावं. रोज अँटिबायोटिक घेण्याऐवजी मेथेनामाइन हिप्युरेट हाही पर्याय आहे. २०२२ मधल्या ब्रिटिश चाचणीत तो जवळपास तेवढाच उपयोगी ठरला.

पस सेल्स सतत भरपूर, कल्चर मात्र दर वेळी 'नो ग्रोथ'. अशा वेळी अँटिबायोटिकचे कोर्स बदलत बसू नये. खडा, क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग, आणि आपल्या देशात आवर्जून आठवायचा मूत्रमार्गाचा क्षयरोग, यांचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे किमान तीन दिवसांचे नमुने क्षयरोगासाठी स्वतंत्र तपासतात. नेहमीच्या कल्चरमध्ये तो जंतू उगवत नाही. आणि न दुखता लघवीतून रक्त जात असेल, विशेषतः चाळिशीनंतर, तर ते "उष्णतेचं" म्हणून सोडू नये, युरोलॉजिस्टला दाखवावं.

गर्भवतीचं कल्चर पहिल्या काही महिन्यांत, काही त्रास नसला तरी करतात. लक्षणांशिवाय जंतू असले आणि उपचार केले नाहीत, तर साधारण चारपैकी एकीला पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो. बाकी बहुतेक लोकांत लक्षणांशिवाय निघालेल्या जंतूंवर उपचार करायचे नसतात, मग अहवालात कितीही लाख लिहिलेले असोत. मधुमेहात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीतून साखर जाते आणि बाहेरच्या भागाला बुरशीची खाज सुटते. तिला जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक घेतलं की खाज आणखी वाढते. पुरुषाला संसर्ग झाला तर प्रोस्टेट आणि मागे उरणारी लघवी तपासायलाच हवी. लहान मुलाला सर्दी-खोकला नसताना ताप आला तर लघवी तपासावी, आणि शौच कडक होत असेल तर तेही सुधारावं, कारण भरलेलं आतडं मूत्राशय नीट रिकामं होऊ देत नाही.

घरी कॅथेटर असलेला रुग्ण असेल तर नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू येण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून ती कधी काढायची, हे डॉक्टरांना दर भेटीत विचारा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकती ठेवा. रुग्णाला कूस बदलताना ती पलंगावर ठेवली तर लघवी उलटी वाहते. जमिनीला टेकू देऊ नका. दोन-तृतीयांश भरली की खालच्या तोटीनं रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा, आणि नळी व पिशवीचा जोड कारणाशिवाय उघडू नका. लघवी गढूळ दिसली एवढ्यावरून कल्चर करू नये. ताप आला आणि नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी ती बदलावी आणि नव्या नळीतून नमुना घ्यावा. पिशवीत साठलेल्या लघवीचा नमुना लॅबला देऊ नये.